दार ओढून घ्या

१४ नोव्हेंबर, गुरुवार

...आणि तांदूळ निवडून झाले होते. दूध उतू जाऊ नये म्हणून मी एक डोळा आत ठेवून अंगणात कपडे वाळत घालत होते. ह्यांची बनियन पिळली, झटकली, तारेवर टाकली. हे ओट्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा न्याहाळत होते. म्हणाले, "मोच्याकडं जातो, तसाच डॉक्टर मॅडमकडं डोकावून येतो." मी म्हटलं, येताना मेथी आणा. एवढंच बोलणं झालं. मेथी आणली त्यांनी. जुडी चांगली होती, एकही पिवळं पान नव्हतं. मॅडम काय म्हणाल्या असं विचारलं तर हे म्हणाले, "गॅस हाय. तेल कमी खा म्हनते."

मग मी हिवाळाभर कमी तेलाच्या भाज्या करत राहिले. खरं काय ते संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आज कपडे वाळत घालताना ती सकाळ जशीच्या तशी समोर आली. तारेवर आता माझीच दोन लुगडी असतात.

लिहायचं ठरवलं ते यासाठी की घरात बोलायला कोणी नाही आणि दवाखान्यात जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं. मी डॉक्टर मॅडमकडे दारावर बसते, नंबर लावते, फायली काढून देते. लिहिलं तर चालेल का, हे मॅडमला आधी विचारलं. म्हणाल्या, "स्वतःबद्दल हवं ते लिहा. पेशंटबद्दल लिहायचं झालं तर असं लिहा की उद्या ते कुणाच्या हाती पडलं तरी माणूस ओळखू येणार नाही."

हे काम मला मॅडमनेच दिलं. ह्यांना जाऊन थोडेच दिवस झाले होते, तर घरी निरोप आला. चिखलीत कामाला बायका कमी नाहीत, मग मलाच का बोलावलं देव जाणे. पहिल्या दिवशी टेबलाखालून जुन्या मासिकांचा गठ्ठा काढून दिला आणि म्हणाल्या, "दुपारी गर्दी नसते, वाचत बसा. तुम्ही तर भज्यांचा कागदही वाचून काढता ना?" मला नवलच वाटलं. मी चौथी शिकलेली बाई. वाचायची खोड मला लग्नानंतर लागली, पुड्यांचे कागद वाचून वाचून. पण हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा वाचनालयात डोकावले होते, तिथल्या बाईंनी सांगितलं असेल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमच्या आधी या जागेत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्या टेबलाला लागूनच लांब बाक होता. पाच-सहा पेशंट आतच बसायचे. एकाचं पोट दाबून बघताना बाकीचे ऐकायचे, मध्येच सल्लाही द्यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट आतल्या बाकावर जागा मिळाली की नंबर जवळ आला असा जीवाला धीर वाटायचा.

मॅडमने आल्या आल्या तो बाक बाहेर काढला. एका वेळी एकच माणूस आत. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच, "दार ओढून घ्या." लोक चिडले. एक बाई मला अजूनही म्हणते, "काय व, आमी का चोरीचा माल दाखवून राह्यलो आत?" मॅडम नुसत्या हसतात. मला त्यांचं हेच आवडतं. चिडणाऱ्याशी भांडत नाहीत आणि दारही उघडं ठेवत नाहीत.

मी नाव पुकारत नाही, नंबर पुकारते. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. पूर्वी खेड्यावरच्या जीपवाल्याजवळ गावभरच्या लोकांचे रिपोर्ट द्यायचे, तो वाटेत थांबून वाटत जायचा. कुणाची शुगर किती हे जीपमधल्या सगळ्यांना पाठ. आता जीपवाला आला तर मॅडम म्हणतात, पेशंटला सांगा स्वतः या, नाहीतर त्याला मला फोन करून कुणाजवळ द्यायचं ते सांगू द्या. मोठ्या डॉक्टरकडे पाठवताना चिठ्ठीत जेवढं लागतं तेवढंच लिहितात. काही आजार सरकारला कळवावेच लागतात, तर तेही पेशंटला आधी सांगतात की हे मला कळवावं लागेल, तुमच्या पाठीमागे करत नाही.

आणि नव्या पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या आजाराचं घरी कुणाला सांगितलं तर चालेल?

आज एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा बहिरा. दार बंद असूनही त्याचं उत्तर बाहेरच्या साऱ्या बाकाला ऐकू आलं. "चिखलीभर सांगा मॅडम, बँड लावून सांगा! फक्त आमच्या सुनेले नका सांगू. ते माह्ये भजे बंद करन!"

सून बाकावरच बसली होती. हसू दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमला मात्र हसू आलं नाही. पेशंट गेल्यावर मला म्हणाल्या, "वासंताबाई, चूक माझी झाली. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांना यापुढे दुपारी बोलवत जा, बाक रिकामा असताना." एवढा बारीक विचार मी तरी कुणात पाहिला नाही.

संध्याकाळी एक टायवाला माणूस आला. शुगर कमी करायची कसलीशी पावडर विकतो. शुगरच्या सगळ्या पेशंटांचे फोन नंबर द्या म्हणाला, आणि सोबत पेढ्यांचा बॉक्स. मॅडमने पेढ्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांना दार दाखवा. पेढे त्यांच्याच हातात द्या."

२३ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीचं लगीन उरकलं की आमच्या गल्लीतल्या झुंबरबाईचे पाय घरात ठरत नाहीत. तिचा भाचा अविनाश शेगावला असतो, इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याची आई लहानपणीच गेली, झुंबरबाईनेच वाढवला. त्याच्यासाठी पोरगी बघणं चालू आहे. आमच्याकडे सोयरिक जुळवायची म्हणजे आधी चौकशी. किराणावाल्याकडे उधारी विचारायची, शेजाऱ्यांकडे स्वभाव विचारायचा आणि दवाखान्यात आजार विचारायचा. पूर्वीपासून असंच.

आज वाटी घेऊन साखर मागायला आली आणि ओट्यावर बसली.

"वासंते, वरच्या आळीतली छाया येते ना वं तुमच्याकडं?"

"येते कधी कधी."

"पोट्टी कशी हाय? काही आजार-बिजार?"

छायाचं नाव लिहायला हरकत नाही, कारण तिला काही झालेलंच नाही. सर्दी-खोकल्यापलीकडे तिच्या फाइलीत काही नाही. मी म्हटलं, "ठणठणीत हाय पोरगी. डोळे मिटून कर."

झुंबरबाई खूश होऊन गेली, साखरेची वाटी विसरून. मलाही बरं वाटलं. कुणाचं वाईट बोलले नाही, खोटं बोलले नाही. एखाद्या पोरीचं माझ्या शब्दाने भलं होत असेल तर मॅडमही नाही म्हणणार नाहीत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

छायाचं जमलं नाही. तिच्या घरच्यांना नोकरीवालाच पाहिजे.

आज पेशंट नव्हते. मॅडम चहा पीत होत्या. मला काय झालं कोणास ठाऊक, एकदम विचारलं, "मॅडम, आमचे हे त्या दिवशी एकटेच आले होते ना तुमच्याकडे? चप्पल शिवून?"

मॅडमने कप खाली ठेवला. "हो."

"त्यांना विचारलं होतंत, कुणाला सांगू म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग? माझं नाव घेतलं त्यांनी?"

मॅडम म्हणाल्या, "वासंताबाई, त्यांनी ते माझ्याकडे ठेवलंय. ते गेले म्हणून ते माझं झालं नाही. तुमचंही झालं नाही."

मला राग आला. सव्वीस वर्षं ज्याच्यासोबत संसार केला त्या माणसाचं मला नाही तर कुणाला सांगायचं? फडकं जोरात आपटून टेबल पुसलं. मी निघताना मॅडम म्हणाल्या, "आज लवकर जा घरी. आणि मेथी चांगली आलीय बाजारात." माझ्या रागाचं मेथीशी काय? मी आणली नाही.

२ डिसेंबर, सोमवार

झुंबरबाई आता दुसरी पोरगी बघते आहे. मळ्यातल्या भाजीवाल्यांची. या पोरीचं नाव मी बदलून लिहिते, तिला डिंपल म्हणू. बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. अविनाश येऊन बघून गेला, त्याला पसंत आहे. फोनवर दोघं बोलतात म्हणे.

डिंपल आमच्याकडे दर महिन्याला येते. तिला रोज गोळी घ्यावी लागते. कशाची ते इथेही लिहिणार नाही. गोळी घेतली की ती तुमच्या-आमच्यासारखी आहे, पण नाव ऐकलं की आपल्याकडची माणसं दोन पावलं मागे सरतात. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्नसुद्धा हिच्यामुळे अडलं होतं.

आज ती आतून बाहेर आली तेव्हा रडून डोळे धुतल्यासारखी दिसत होती, पण चेहरा मोकळा होता. मला हळूच म्हणाली, "काकू, साखरपुड्याच्या आधी मीच सांगणार हाय त्याले. कसं सांगायचं ते मॅडमनं समजून दिलं. जरा हिंमत गोळा करून राह्यली."

मॅडमने तिला सांग म्हटलं नाही की नको सांगू म्हटलं नाही. तिने ठरवलं, यांनी तिला शब्द दिले. डॉक्टर असावं तर असं.

५ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी फोडणी घालत होते तर झुंबरबाई थेट स्वयंपाकघरात.

"वासंते, ते भाजीवाल्याची पोट्टी येते ना तुमच्याकडं?"

आता मी शहाणी झाले आहे. म्हटलं, "दवाखान्यातलं मले नको विचारू बाई. कोण येतं, कायले येतं, आमच्याकडे सांगत नाहीत."

"सांगत नाहीत?" तिने डोळे बारीक केले. "अन् छायाचं कसं सांगतलं मंग? तवा तर फटकन बोलली, ठणठणीत हाय म्हनून."

"ते वेगळं होतं."

"हाव. वेगळंच राह्यते." ती उठली. "बरं झालं माय, काही नाही बोलली तू. समजलं मले."

जाताना पदर खोचूनच गेली. मी एक शब्द बोलले नाही याचं समाधान आहे. पण 'समजलं मले' म्हणाली, ते काय समजलं तिला?

७ डिसेंबर, शनिवार

आज माझ्या लक्षात आलं. फार उशिरा आलं.

डिंपल आली, नंबर न लावताच. माझ्यासमोर उभी राहिली. "काकू, त्यायचा निरोप आला. थांबा म्हनते. पोरीची चौकशी बराबर झाली नाही म्हनते. इथून कोनी बोललं काय?"

मी म्हणणारच होते, नाही गं, मी तर तोंडही उघडलं नाही. आणि एकदम आठवलं. छायाचं मी सांगितलं होतं. निरोगी आहे म्हणून सांगितलं होतं. मग हिचं न सांगणं म्हणजे झुंबरबाईने काय समजायचं?

डिंपलला बसवून तशीच मॅडमकडे आत गेले. दार ओढून घेतलं. सगळं सांगितलं, साखरेच्या वाटीपासून. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "छायाने तुम्हाला सांगायला सांगितलं होतं का?"

"नाही. पण चांगलंच होतं ना, मॅडम."

"चांगलं होतं. पण तिचं होतं."

मग म्हणाल्या, "मीही तुम्हाला नीट समजावलं नव्हतं. वाईट सांगू नका, एवढंच तुम्ही समजलात. आता डिंपलला बाहेर जाऊन तुम्हीच सांगा काय झालं ते. मी सांगणार नाही."

ते सांगणं मला ह्यांच्या तेराव्यापेक्षा जड गेलं. डिंपलने ऐकून घेतलं. "म्हंजे मी सांगायच्या आधीच तुमी गप बसून सांगून देलं," म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. मी दुपारभर मासिक उघडलं नाही.

नोकरी जाईल असं वाटलं होतं. निघताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर या."

९ डिसेंबर, सोमवार

झुंबरबाई दवाखान्यात आली. बीपी बघायला म्हणे. तिला जन्मात बीपी नाही. नंबर लागला तशी आत गेली. मॅडमने नेहमीप्रमाणे सांगितलं, "दार ओढून घ्या."

"राहू द्या उघडं. माह्यं काय लपवाचं?" झुंबरबाई मोठ्याने म्हणाली, बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल अशी.

पट्टा बांधून झाला नाही तोच तिने विषय काढला. "मॅडम, आमच्या अविनाशसाठी पोरगी बघून राह्यलो. लेकराच्या जिंदगीचा सवाल हाय. तुमी फक्त मान हलवा, हो का नाही. बोलू नका."

मॅडम म्हणाल्या, "झुंबरबाई, छायाबद्दल तुम्हाला या दवाखान्यातून सांगितलं गेलं, ती आमची चूक. मी छायाच्या घरी जाऊन तिची माफी मागून आले." (हे मलाही माहीत नव्हतं. काल रविवारी गेल्या असतील.) "कोण इथे येतं आणि कोण येत नाही, हेसुद्धा मी सांगत नाही. ठणठणीत माणसाचंही नाही. म्हणून मी गप्प बसले तर त्यातून काही समजू नका. मी सगळ्यांसाठी गप्प बसते."

"पन पोराकडच्यायले हक्क नाही काय?"

"विचारायचा आहे. पोरीला विचारा, समोर बसून." मॅडमने पट्टा सोडला. "बरं, मला सांगा. उद्या पोरीची आई इथे आली आणि म्हणाली, तुमच्या घरातल्या कुणाचंही, जुनं, नवं, सगळं सांगा, लेकराच्या जिंदगीचा सवाल आहे. तर सांगू? मान हलवू?"

झुंबरबाई खुर्चीवरून उठली, दारापर्यंत आली आणि माझ्याकडे न बघता आतून दार ओढून घेतलं.

बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा आवाज अगदी खाली. "वासंते, तुह्या मॅडम चांगल्या हायत हो." मला वाटतं मॅडमच्या बोलण्याचा तिच्यावर चांगलाच परिणाम झाला. एवढी वर्षं शेजारी राहते, तिच्या घरात कुणाला कधी सर्दीपलीकडे काही झाल्याचं मला तरी आठवत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

अविनाशकडून भाजीवाल्यांना निरोप गेला, बोलणी चालू ठेवा.

आज मीही छायाकडे जाऊन आले. तिने हसण्यावारी नेलं. "काकू, मले काय झालं व? उलटं माह्यी जाहिरातच केली तुमी." तिची आई मात्र हसली नाही. चहा दिला, पण शेजारी बसली नाही.

येताना ह्यांचा विचार आला. आजारी असताना ह्यांच्याजवळ लोक नेहमीसारखे येऊन बसायचे, बाजार समितीतले सोबती हसायचे-खिदळायचे. कुणी कीव केली नाही, कारण कुणाला कळलंच नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दिवसांत हे माझ्या हातची पचपचीत भाजी खाऊन 'वा' म्हणायचे. मॅडमवरचा राग गेला. का गेला ते नीट लिहिता येत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

शनिवारी दुपारी डिंपल आली. माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं, पण माझ्याच समोर येऊन बसली. अविनाशने तिला रविवारी शेगावला बोलावलं होतं, दर्शनाला आणि बोलायला.

"काकू, मले नाही होत. जीभच चिकटते. तुमी घोळ केला ना, आता तुमीच चला अन् सांगून द्या त्याले."

मी मॅडमकडे बघितलं. एकदा हात पोळला होता. मॅडम म्हणाल्या, "तिने सांगितलं तर तुम्ही बोलू शकता वासंताबाई. तिचं आहे, ती कुणाच्याही तोंडी देऊ शकते." मग डिंपलला म्हणाल्या, "पण त्याला पुढे प्रश्न पडतील. आज, उद्या, दहा वर्षांनी. तू स्वतः सांगितलंस तर तो ते तुलाच विचारेल. काकूंकडून ऐकलं तर काकूंना विचारत बसेल."

डिंपल नखं खात राहिली. "तो नाही म्हनला तं?"

"तर नाही म्हणेल," मॅडम म्हणाल्या. "मी त्याचं वचन देऊ शकत नाही."

मला वाटलं पोरगी रडेल. ती म्हणाली, "मंग सोबत तरी चला, काकू. आईले नेलं तं तेच आधी रडन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिंपलसोबत शेगावच्या एसटीत बसले. दर्शन झालं. अविनाश बाहेर उभा होता. दोघं कडुलिंबाखाली जाऊन बसली. मी त्यांच्याकडे पाठ करून लांब बसले, आणि तिचा आवाज कानावर यायला लागला तशी उठून आणखी लांब गेले.

खूप वेळाने दोघं आली. डिंपलचे डोळे लाल होते. अविनाश मला म्हणाला, "चहा घेऊ, मावशी." टपरीवर त्याने पाण्याचा ग्लास विसळून घेतला, डिंपलपुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "सकाळची गोळी घेतली काय?"

"घाईत राह्यली."

"घे ना मंग आता. अन् कायची हाय ते पुन्हा एकदा सांग मले, नीट."

मी माझा चहा उचलला आणि पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसले.